गुरूंचे गुरु : शाळेच्या मुख्याच्या बदलत्या कर्तव्याचा इतिहास

महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपल्या समाजाची रीत आहे. देवमंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणी अर्पण केली, शाळेची कौलारू इमारत जाऊन तिच्या जागीं मजले केव्हां चढले, कोणत्या वर्षीं किती मुलें उत्तीर्ण झालीं, या गोष्टींची नोंद अशा स्मरणिकेंत आदरानें केली जाते. आणि तें योग्यच आहे. परंतु वाचकहो, एक प्रश्न असा आहे कीं, तो आपण महोत्सवांत क्वचितच विचारतों. आपल्या मुलांना शिक्षकांनीं शिकविलें; पण त्या शिक्षकांना कोणी शिकविलें? नेमणुकीचा कागद खिशांत घालून जो तरुण पहिल्या दिवशीं भीत भीत वर्गांत शिरला, त्याला हातीं धरून गुरु कोणी बनविलें? तो चुकला तेव्हां त्याला एकीकडे घेऊन त्याची चूक कोणी दाखविली?

या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे तें पुष्कळदां एकाच व्यक्तीपाशीं येऊन थांबतें, आणि ती व्यक्ति म्हणजे शाळेचा मुख्य. त्याला कोणी प्रीफेक्ट म्हटलें, कोणी हेडमास्तर, कोणी प्रिन्सिपॉल, तर कोणी मुख्याध्यापक. नांवें बदललीं तसें त्याचें कामहि बदलत गेलें. कधीं तो शिक्षकांचा गुरु होता, कधीं त्यांचा पहारेकरी झाला, कधीं सरकारी कागदांचा रखवालदार झाला, आणि आतां त्यानें पुन्हां शिक्षकांचा सहाध्यायी व्हावें अशी अपेक्षा केली जात आहे. हा फेरा कसा झाला, हें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा विचार आहे. ही केवळ जुन्या गोष्टींची हौस नव्हे. आपली शाळा उद्यां कशी असेल, याचें उत्तर बव्हंशीं या इतिहासांत आहे.

प्रथम आपल्या ख्रिस्तसभेच्याच घरांत डोकावूं. येशूसंघाच्या शाळांसाठीं इ. स. १५९९ सालीं जी अभ्यासपद्धति कायम झाली, तिला ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ असें लॅटिन नांव आहे. तींत विद्यार्थ्यांविषयीं नियम आहेत, तसेच शाळेच्या मुख्यांविषयींहि आहेत. खालच्या वर्गांवर देखरेख करणाऱ्या प्रीफेक्टनें निदान पंधरा दिवसांतून एकदां प्रत्येक शिक्षकाचा पाठ स्वतः ऐकावा, असें तेथें सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाचा नियम कॉलेजच्या रेक्टरला घातलेला आहे. नवीन शिक्षकांनीं कांहीं सराव नसतांना एकदम वर्गावर जाऊं नये, म्हणून रेक्टरनें अध्यापनांत मुरलेला एक मनुष्य निवडावा, आणि लवकरच शिक्षक होणाऱ्या तरुणांनीं आठवड्यांतून तीन वेळां तासभर त्याच्यापाशीं बसून पाठ देणें, मजकूर सांगून लिहविणें, वह्या तपासणें या गोष्टींचा अभ्यास करावा. चारशें वर्षांपूर्वीं घातलेला हा नियम आहे. शिक्षक जन्मतो खरा, पण तो घडवावाहि लागतो, आणि घडविण्याची जबाबदारी संस्थेच्या मुख्यावर आहे, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे.

याच्यापुढें ऐंशीएक वर्षांनीं फ्रान्स देशांत राँस या नगरीं संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनीं हेंच तत्त्व गरिबांच्या शाळांत आणलें. ते इ. स. १६५१ सालीं सधन कुळांत जन्मले व कॅथीड्रलचे कॅनन होते. गरीब मुलांसाठीं नव्या शाळा निघाल्या, तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, शाळेंतील खरी उणीव इमारतींत नसून मास्तरांत आहे. ते मास्तर अडाणी नव्हते, पण त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. आज एक पद्धत, उद्यां दुसरी, आणि परवां मास्तरच नाहीं, अशी अवस्था होती. तेव्हां या कुलीन धर्मगुरूंनीं इ. स. १६८१ सालीं त्या मास्तरांना आपल्या स्वतःच्या घरांत राहावयास आणलें. नातेवाईक रागावले, समाजानें नांवें ठेविलीं. पण त्या घरांतूनच ख्रिस्ती शाळाबंधूंचा संघ वाढला. खेड्यांतील शिक्षक तयार करण्यासाठीं त्यांनीं निराळें विद्यालयहि काढलें. त्यांच्या शाळांच्या नियमग्रंथांत नव्या शिक्षकाच्या ठिकाणीं कोणते दोष काढावे व कोणते गुण आणावे याचा विचार केलेला असून, काढावयाच्या दोषांत बोलण्याची हांव हा अगदीं आरंभीं सांगितला आहे. ज्यानें कधीं वर्ग चालविला असेल त्याला यांतील मर्म सांगावयास नको! इ. स. १७१९ मध्यें संत द ला साल निवर्तले, आणि इ. स. १९५० मध्यें परमगुरुस्वामी बारावे पायस यांनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरविलें. शिक्षकांच्या आश्रयदात्याचें मोठें काम मुलांना शिकविण्याइतकेंच शिक्षकांना शिकविण्याचें होतें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडून जी शाळा असे, तींत एकच ‘मेस्त्र’ वाचन, प्रार्थना आणि संगीत शिकवी. त्याच्यावर देखरेख धर्मगुरूंची. इकडे महाराष्ट्रांत गांवोगांवीं पंतोजींच्या शाळा होत्या. धुळाक्षरें, उजळणी आणि मोडीचा कित्ता यांत पंतोजी हुषार असत, आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची रीतहि चालत असे. परंतु या दोन्ही शाळांत शिक्षक एकटा असे. त्याला वरचा गुरु नव्हता आणि बरोबरीचा सोबतीहि नव्हता. जें त्यानें लहानपणीं पाहिलें तेंच तो जन्मभर करी. चांगला असला तर गांवाचें भाग्य, आणि छडीशिवाय दुसरें कांहीं ठाऊक नसलें तर मुलांचें नशीब!

मुंबई इलाख्यांत ही स्थिति बदलण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ज्या संस्थेनें केला, ती इ. स. १८२२ सालीं निघाली व पुढें ‘बाँबे नेटिव एज्युकेशन सोसायटी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे स्वतः मराठी जाणत. त्यांनीं पुस्तकें तयार करविलीं, तसे शिक्षकहि तयार करविले, आणि त्या शिक्षकांना दख्खन, कोंकण व गुजराथ येथील नव्या शाळांवर धाडलें. पुढें बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे मराठी शाळांच्या तपासणीचें काम आलें, आणि इ. स. १८४५ च्या सुमारास शिक्षक तयार करण्याच्या नॉर्मल वर्गाची धुराहि त्यांच्याच खांद्यावर पडली. ‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्रींना सारा महाराष्ट्र ओळखतो, पण शाळा तपासणारा व शिक्षक घडविणारा हे दोघे एकाच मनुष्याच्या ठिकाणीं एकवटले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. दोष पाहणाऱ्या डोळ्यांनींच उपाय सुचवावा, असें तें मीलन होतें. दुर्दैवानें इ. स. १८४६ सालीं, ऐन उमेदींत, ते वारले.

इ. स. १८५४ मध्यें सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. त्यानें विद्याखातें, तपासनीस, शिक्षकांचीं नॉर्मल स्कुलें आणि खासगी शाळांना सरकारी ग्रँट, अशा चार गोष्टी एकाच वेळीं आणल्या. या चौघांनीं शाळेच्या मुख्याचें जीवन पार बदलून टाकलें. शिक्षक तयार करण्याचें काम आतां पुण्यामुंबईच्या ट्रेनिंग कॉलेजांत होऊं लागलें. पुण्यास स्त्रियांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें तें इ. स. १८७० मध्यें. हा लाभ मोठा होता यांत संशय नाहीं. पण एक हानि नकळत झाली. शिक्षक ‘ट्रेंड’ होऊन आला म्हणजे त्याचें शिक्षण संपलें, अशी समजूत रूढ झाली. शाळा ही शिक्षक घडण्याची जागा न राहतां घडलेला शिक्षक वापरण्याची जागा बनली.

त्यांतच ‘परिणामावर ग्रँट’ देण्याची पद्धति आली. इन्स्पेक्टर येई, एकेका मुलाची एकेका विषयांत परीक्षा घेई, आणि जितकीं मुलें पास तितके रुपये शाळेस मिळत. अशा व्यवस्थेंत हेडमास्तरानें काय करावें? शिक्षकाचा पाठ ऐकून त्याला सुधारण्यापेक्षां इन्स्पेक्टरच्या दिवशीं वर्ग पाठ म्हणून दाखवील कीं नाहीं, याचीच चिंता तो करूं लागला. डिपुटी येणार अशी वर्दी आली कीं गांव झाडून निघे, मुलांना नवे सदरे मिळत आणि मास्तरांना घाम फुटे, असें आपल्या आजोबा-पणजोबांनीं सांगितलेलें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मुख्याचें नातें शिक्षकाशीं न राहतां रजिस्टराशीं जडलें. अखेर इ. स. १९०४ च्या लॉर्ड कर्झन यांच्या शैक्षणिक ठरावानें या पद्धतीवर ठपका ठेविला आणि ती मागें पडली. पण तिनें लाविलेली सवय मात्र तितक्या सहज गेली नाहीं.

या अंधारांतहि एक दिवा होता, आणि तो मराठी माणसानें लाविलेला होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे मुख्य होते, आणि ‘शालापत्रक’ नांवाचें मासिक त्यांच्या संपादकत्वाखालीं निघत असे. विचार करा, वाचकहो: खेड्यांत एकटा पडलेला मास्तर, त्याच्याजवळ ना पुस्तकालय, ना सोबती, त्याच्याकडे टपालानें महिन्याला एक मासिक येतें आणि त्याचा जुना गुरु त्यांतून त्याच्याशीं पुन्हां बोलतो. ट्रेनिंग एकदां घेऊन संपत नाहीं, तें चालू ठेवावें लागतें, ही गोष्ट त्या मासिकाच्या रूपानें सिद्ध झाली. आज ज्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात त्याचें बीज आम्हांस येथें दिसतें.

याच काळांत मुंबई-पुण्याकडे आपल्या मोठ्या शाळा उभ्या राहिल्या. पुण्याचें सेंट व्हिन्सेंट इ. स. १८६७ मधील, मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज इ. स. १८६९ मधील. तेथें जुन्या प्रीफेक्टची परंपरा जिवंत होती. परंतु नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जेव्हां खेडोपाडीं मिशनच्या शाळा निघाल्या, तेव्हां प्रश्न निराळाच होता. एका गांवांत एकच मास्तर. तोच सकाळीं शाळा घेई, तोच संध्याकाळीं धर्मशिक्षण देई, तोच आजाऱ्याच्या उशाशीं बसे आणि तोच लोकांचे अर्ज लिहून देई. अशा मास्तराचा मुख्य म्हणजे घोड्यावरून वा बैलगाडीनें हिंडणारे फादर. फादरांची भेट हीच त्याची तपासणी, तेंच त्याचें ट्रेनिंग आणि तेंच त्याचें सांत्वन. त्या भेटींत दोष काढले जात तसा धीरहि दिला जाई. इ. स. १९१४ चें महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करण्यांत आलें व पुढें बहुतेकांना मायदेशीं पाठविण्यांत आलें. तेव्हां कळून आलें कीं, जेथें मुख्यानें आपल्यामागें शिक्षक तयार करून ठेविले असतील, तेथेंच शाळा टिकते. मुख्याचें यश तो असतांना दिसतें त्यापेक्षां तो गेल्यावर अधिक दिसतें.

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठीं मुंबईस इ. स. १९०६ मध्यें सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालें. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं इ. स. १९२९ च्या अखेरीस ख्रिस्ती शिक्षणावर जें परिपत्र काढलें, त्यांत उत्तम शाळा या उत्तम पद्धतींपेक्षां उत्तम शिक्षकांमुळें होतात, असा विचार मांडला आहे. स्वातंत्र्यानंतर हाच विचार सरकारी दप्तरांतहि आला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगानें (१९५२–५३) शाळेची कीर्ति व समाजांतील तिचें स्थान हें बव्हंशीं मुख्याध्यापकाच्या प्रभावावर अवलंबून असतें, असें स्पष्ट म्हटलें. त्याच सुमारास सिमल्याजवळ तारादेवी येथें देशांतील मुख्याध्यापकांचें चर्चासत्र भरलें. मुख्याध्यापकालाहि शिकावें लागतें, हें त्यामागील गृहीत नवें होतें. इ. स. १९५३ सालींच मुंबईस सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन निघालें, आणि पुढें गोमंतक मुक्त झाल्यावर इ. स. १९६३ मध्यें पणजीस निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. आपल्या शाळांतील कितीतरी शिक्षक-शिक्षिका या दोन संस्थांतून घडून आल्या. इ. स. १९५५ पासून ट्रेनिंग कॉलेजांना विस्तार-सेवेचे विभाग जोडले गेले, आणि कॉलेजचे प्राध्यापक शिक्षकांना भेटावयास शाळांकडे येऊं लागले.

येथें आपल्या शेजारचें एक उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. तें पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. त्या केंद्रांत आदिवासी मुलें शिकत, आणि त्याच अंगणांत बालवाडीच्या सेविकाहि शिकत. मुलाला शिकवितांना पाहावें, स्वतः शिकवून पाहावें, आणि संध्याकाळीं मुख्य बाईंपाशीं बसून काय साधलें व काय फसलें याचा विचार करावा, या रीतीला मोठ्या इमारतीची गरज नव्हती. गरज होती ती अशा मुख्याची कीं, जिला वर्ग सोडून कार्यालयांत जाऊन बसण्याची घाई नाहीं.

यापुढील टप्पा कोठारी आयोगाचा (१९६४–६६). त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. प्रत्येक शिक्षकाला दर पांच वर्षांच्या नोकरींत दोन-तीन महिन्यांचें सेवांतर्गत शिक्षण मिळावें, अशी शिफारस या आयोगानें केली. दुसरी शिफारस शाळा-संकुलाची. एक माध्यमिक शाळा व तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांचा एक गट करावा, पुस्तकें, प्रयोगसाहित्य आणि अनुभव यांची देवाणघेवाण व्हावी, आणि माध्यमिक शाळेच्या मुख्यानें साऱ्या गटास वडीलकीच्या नात्यानें मार्गदर्शन करावें, अशी ती कल्पना होती. एकट्या पंतोजीचें एकटेपण संपविण्याचा हा उपाय होता. खेदाची गोष्ट ही कीं, कागदावर ही योजना जितकी सुंदर दिसली तितकी ती गांवांत उतरली नाहीं.

पुण्याची राज्य शिक्षणशास्त्र संस्था इ. स. १९६४ ची, तिचीच पुढें इ. स. १९८४ मध्यें राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली. इ. स. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानें जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणल्या, आणि त्यानंतरच्या दशकांत आपल्या राज्यांत केंद्रप्रमुख आले. वरचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या तज्ज्ञाला शिकवी, तो तालुक्याच्या माणसाला, आणि तो शेवटीं शिक्षकांना. हजारों शिक्षकांना अल्पावधींत प्रशिक्षण मिळालें, हें या व्यवस्थेचें श्रेय. पण डोंगरावरून निघालेलें पाणी शेतापर्यंत येईतों किती उरतें, हें आपल्या शेतकरी वाचकांना सांगावयास नको. आणि या सर्वांत शाळेच्या मुख्याचें काम काय उरलें? कोणत्या शिक्षकाला कोणत्या तारखेस पाठवावयाचें, त्याचा वर्ग कोणी सांभाळावयाचा, आणि हजेरीचा दाखला कोठें चिकटवावयाचा, इतकेंच. शिक्षक काय शिकून आला, हें त्याला विचारण्याची फुरसत पुष्कळ मुख्यांना नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर, तें विचारणें हें आपलें काम आहे असें त्यांना कोणी सांगितलेंहि नव्हतें.

आतां काळ पुन्हां वळूं पाहत आहे. इ. स. २०१२ मध्यें दिल्लीस शाळा-नेतृत्वाचें राष्ट्रीय केंद्र निघालें. इ. स. २०१९ मध्यें ‘निष्ठा’ नांवाचा प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यांत शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांनाहि घेण्यांत आलें. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें प्रत्येक शिक्षकानें दरवर्षीं निदान ५० तास स्वतःच्या उन्नतीसाठीं द्यावे असें सांगितलें, मुख्यांसाठींहि तशीच अपेक्षा ठेविली, आणि कोठारी आयोगाच्या शाळा-संकुलास पुन्हां हांक दिली. शिक्षक आतां घरबसल्या पडद्यावर पाठ पाहूं शकतो. परंतु पडदा शिक्षकाच्या वर्गांत येऊन मागच्या बाकावर बसत नाहीं. तें काम आजहि माणसाचें आहे.

मागच्या बाकाचा उल्लेख आला म्हणून एक आठवण सांगतों. तरुणपणीं आम्ही एका शाळेंत उमेदवार शिक्षक होतों. तेथील मुख्य रोज दाराबाहेर उभे राहत, घड्याळ पाहत आणि उशीर झालेल्यांच्या नांवापुढें लाल खूण करीत. दोन वर्षांत त्यांनीं आमचा एकहि पाठ ऐकला नाहीं. आम्ही वेळेवर येण्यास शिकलों, इतकेंच. पुढें दुसऱ्या शाळेंत गेलों. तेथील फादर एके दिवशीं न बोलतां आले, मागच्या बाकावर मुलाशेजारीं बसले आणि त्या मुलाच्याच पुस्तकांत पाहूं लागले. तास संपल्यावर आम्हीं भीतीनें त्यांच्याकडे पाहिलें. त्यांनीं आम्हांस चहाला नेलें, आणि म्हणाले, “मास्तर, तुमचा आवाज रस्त्यापर्यंत पोहोंचला, पण माझ्या शेजारच्या मुलापर्यंत पोहोंचला नाहीं. उद्यां मी हाच धडा तुमच्या वर्गावर घेतों. तुम्ही मागें बसा, आणि माझी चूक मला सांगा.” दुसऱ्या दिवशीं आम्ही मागें बसलों. तेथून वर्ग निराळाच दिसतो, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. त्या मुलाला फळ्यावरील अक्षर दिसतच नव्हतें, आणि तें सांगण्याचा त्याला धीर नव्हता. पहिल्या मुख्यांनीं आमचे दिवस मोजले. दुसऱ्यांनीं आम्हांस डोळे दिले.

आतां हा सारा इतिहास सांगून आम्ही आपल्या धर्मग्रामापुढें काय ठेवूं इच्छितों, तें सांगतों. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३० नें अल्पसंख्य समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. इ. स. १९७७ च्या महाराष्ट्राच्या खासगी शाळांविषयींच्या कायद्यानें अल्पसंख्यांच्या शाळांना मुख्याच्या निवडीबाबत मोकळीक ठेविली आहे. केरळांतील एका शाळेच्या खटल्यांत इ. स. १९९८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि मुख्याध्यापक निवडणें हा या हक्काचा मोठा भाग मानला, कारण शाळेचा कारभार व शिक्षणाचा दर्जा मुख्यावर अवलंबून असतो. हा हक्क आपण मोठ्या जिव्हाळ्यानें जपतों. परंतु हक्क म्हणजे ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो. मुख्य निवडतांना आपण काय पाहतों? त्याचें गांव, त्याचें कूळ, त्याची ज्येष्ठता, अधिकाऱ्यांकडून काम करून आणण्याची त्याची हातोटी? कीं एखाद्या घाबऱ्या नव्या शिक्षकाला दोन वर्षांत उभा करण्याची त्याची शक्ति? जर पहिल्याच गोष्टी पाहिल्या, तर उद्यां शाळा ओस पडल्यावर इतरांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. आई-बाप मुलांना दूरच्या शाळेंत धाडूं लागले आहेत, मराठी वर्गांतील बाकें रिकामीं होत आहेत, ही चिंता रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणांत कोणाच्या तोंडीं नाहीं?

दुसरी गोष्ट मुख्यांच्या बाजूनें सांगणें न्यायाचें आहे. त्यांना वेळ कोठें आहे? पोषण आहाराच्या नोंदी, विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर चढविणें, शिष्यवृत्तीचे अर्ज, वेतनाचीं बिलें, वरून आलेलीं परिपत्रकें: सकाळची प्रार्थना संपून शाळा सुटेपर्यंत त्यांचा दिवस यांतच जातो. परिणामावर ग्रँट देण्याच्या काळांत इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येई; आतां तो संगणकांतून रोज येतो. अशा मुख्याला ‘तुम्ही शिक्षकांचे गुरु व्हा’ असें नुसतें म्हणणें ही थट्टाच होईल. त्याच्या हातांतील कागद कोणी तरी घेतले पाहिजेत. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त कारकून आहेत, बँकेंतील माणसें आहेत, संगणक जाणणारे तरुण-तरुणी आहेत. कायद्याला धरून जेवढें करतां येईल तेवढें साह्य त्यांनीं आठवड्यांतून दोन तास केलें, तर मुख्याला तेच दोन तास मागच्या बाकावर बसतां येतील. वार्षिक जत्रेसाठीं समित्या नेमण्यांत आपण मागें नाहीं. मग यासाठीं कां असावें?

तिसरी आणि शेवटची गोष्ट. मुख्यालाहि कोणी तरी गुरु हवा. पंतोजी एकटा होता, म्हणून त्याचें ज्ञान गोठलें. आजचा मुख्यहि, त्याच्याभोवतीं कितीहि गर्दी असली तरी, पुष्कळदां तसाच एकटा असतो. आसपासच्या पांच-सहा शाळांच्या मुख्यांनीं महिन्यांतून एकदां एकमेकांच्या शाळेंत जाऊन बसावें, एकमेकांचे पाठ ऐकावे, आणि चहाच्या पेल्याबरोबर खरें तें बोलावें. याला सरकारी मंजुरी लागत नाहीं, कीं देणगीचा फलकहि लागत नाहीं. येशूसंघाच्या त्या जुन्या नियमांतील पंधरवडा आम्ही मागत नाहीं. महिन्यांतून एक दिवस पुरे आहे.

सारांश, चारशें वर्षांत शाळेच्या मुख्याच्या हातीं पुष्कळ वस्तु आल्या व गेल्या: छडी, घंटा, रजिस्टर, शिक्का, संगणक. ज्या ज्या काळीं त्यानें त्या वस्तु बाजूस ठेवून शिक्षकाचा हात धरला, त्या त्या काळीं शाळा वाढली. आणि ज्या काळीं तो त्या वस्तूंतच गुंतला, त्या काळीं इमारत उभी राहिली तरी शाळा खालावली. आपल्या प्रभूनेंहि आधीं बारा जणांना जवळ ठेवून घेतलें, त्यांना शिकविलें, आणि मगच त्यांना जगाकडे पाठविलें. हा क्रम आपण विसरूं नये.

या महोत्सवांत आपण ज्या माजी मुख्यांचा सत्कार करूं, त्यांच्या गळ्यांत हार घालतांना एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा: “आपण किती शिक्षक घडविलेत?” ज्यांना त्याचें उत्तर देतां येईल, त्यांचे उपकार या धर्मग्रामावर पिढ्यान्‌पिढ्या राहतील. आणि जे आज त्या खुर्चीवर आहेत, त्यांना हा प्रश्न पुढील महोत्सवीं विचारला जाईल हें ठाऊक असावें, इतकीच आमची नम्र इच्छा. परमेश्वर आपल्या शाळेला असे गुरूंचे गुरु सदैव देवो.